कळवणची रात्र कोणाची?

युरोपातल्या निवांत गावांवर लिहिताना प्रवासवर्णनकार रात्रीसाठी एखादे प्रकरण हमखास राखून ठेवतात. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरचेच पाहा. आयसेल नदीकाठचे हे जुने व्यापारी शहर, वस्ती साधारण लाखभर, धांदल कमी. मधोमध ब्रिंक नावाचा ऐसपैस चौक, चौकात सोळाव्या शतकातली वजनकाट्याची इमारत आणि तिच्या अवतीभवती कॅफे. एवढ्या सामग्रीवर लेखकाची चार पाने सहज भरतात. तोच लेखक कळवणला आला तर दोन ओळींत आटोपेल: बाजारपेठ नऊला मिटते, काही परमिट रूम आहेत, रस्त्याकडेला ढाबे आहेत, बाकी सामसूम. मला हा निकाल मान्य नाही. गावाला रात्र आहे की नाही हे दारूचे परवाने मोजून ठरत नसते. अंधार पडल्यावर घराबाहेर कोण असते, कशासाठी असते आणि कोणाच्या मुभेने असते, यावर ते ठरते. हे माप लावले तर कळवणची रात्र चांगलीच भरलेली दिसते. तिच्यात एक मोठी उणीवही आहे, पण ती बारची नाही.

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत कळवणला यायचे म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता. द्राक्षबागा मागे पडतात, सप्तशृंगीचा गड उजव्या-डाव्या बाजूंना आलटूनपालटून दिसत राहतो आणि गिरणेचे खोरे सुरू होते. पुढे सटाणा, मालेगाव, देवळा धरून हा सारा मुलूख कसमादे म्हणून ओळखला जातो. पश्चिमेला सुरगाण्याच्या अंगाने कोकणा आणि भिल्लांची गावे, पूर्वेला अहिराणी बोलणारे शेतकरी. तालुका पाचव्या अनुसूचीतला, पीक मुख्यत्वे कांद्याचे. या दोन गोष्टी इथल्या रात्रीबद्दल बरेच काही सांगून जातात. अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे दारूबाबत ग्रामसभेला कायद्याने आवाज मिळाला आहे, आणि कांद्यामुळे माणसांना रात्री घराबाहेर पडावेच लागते.

आधी कामाची रात्र पाहू. बाजार समितीत लिलाव सकाळी सुरू होतो, पण नंबर लागावा म्हणून ट्रॅक्टर आदल्या रात्रीच आणून लावले जातात. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असली की आवाराबाहेर रांग लांबत जाते. चालक ट्रॉलीखाली पोते अंथरून आडवा होतो. शेतकरी मात्र जागाच असतो, कारण आज काय भाव फुटला हे शेजारच्याला विचारून झाले तरी उद्याचा भाव कोणालाच सांगता येत नाही. तिकडे शिवारात वेगळाच जागर चालतो. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची लाईट आली की बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याला पाणी भरायला जावे लागते, सापाची आणि बिबट्याची धास्ती घेऊन वाफे फोडावे लागतात. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. तिच्यासाठी सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली ती नव्याने मांडली. एसटीची मुक्कामी गाडीही याच रात्रीतली. शेवटची फेरी घेऊन ती आडगावी जाते, चालक-वाहक तिथेच पाठ टेकतात आणि पहाटे पहिली खेप घेऊन परततात. कळवण लवकर झोपते म्हणणाऱ्याने फक्त मुख्य पेठेतली शटर पाहिलेली असतात.

यावर कोणी म्हणेल, ही तर मजुरी झाली, हिला रात्रीचे जीवन कसे म्हणायचे? पोटासाठी जागणे आणि जिवाला बरे वाटावे म्हणून जागणे यांत फरक आहेच. तो मला मान्य आहे. पण मौजेचे, गाण्याचे, भेटीगाठींचे जागणेही या भागात भरपूर आहे. त्याची जागा बाजारपेठेत नाही आणि त्याची वेळ पंचांग ठरवते, म्हणून पाहुण्याच्या नजरेला ते पडत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, कोणी तिला कानुबाई म्हणते. नारळाला नथ आणि दागिने चढवून देवी सजवतात, रोटांचा स्वयंपाक होतो. त्या रात्री बायका झोपत नाहीत. गाणी, फुगड्या, थट्टामस्करी करत गल्ली पहाटेपर्यंत जागी राहते आणि सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवले जाते. एरवी दिवेलागणीनंतर ज्या सुनेने एकटीने कोपऱ्यावर जायचे म्हटले तरी चार जण विचारतील, तीच त्या रात्री दोन वाजता भर रस्त्यात फुगडी घालते आणि कोणाच्या कपाळावर आठी उमटत नाही.

मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्लांच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेव असतो. नवस बोललेले पुरुष माउली होतात, अनवाणी राहतात, खाण्यापिण्याचे कडक नेम पाळतात. मध्ये पावरकर उभा असतो. सुकलेला भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेली पावरी तो फुंकतो आणि त्या सुराभोवती एकमेकांना धरून माणसांचे कडे फिरू लागते. आधी पावले संथ पडतात, मग वेग चढतो, दम तुटायच्या बेताला सूर उतरतो आणि कडे पुन्हा सावकाश होते. थंडीत हे तासन्‌तास चालते, आणि पौर्णिमेच्या रात्री सारा मेळा डोंगरातल्या देवाच्या ठिकाणी जातो. चैत्रात याच तालुक्यातल्या सप्तशृंगगडावर यात्रा भरते. खानदेशातून पायी येणारे उन्हाचा तडाखा चुकवण्यासाठी रात्रीची वाट धरतात, तेव्हा गडाकडचे रस्ते अपरात्रीही वाहते असतात आणि ठिकठिकाणी चहा-फराळाचे मांडव लागतात. चैत्र चतुर्दशीच्या मध्यरात्री दरेगावच्या गवळी पाटलांच्या मानाने शिखरावर कीर्तिध्वज फडकतो. कोजागरीला कावडी येतात, आणि त्याच रात्री दूरदूरहून आलेले तृतीयपंथी भाविक गडावर जमतात. ज्यांना गावातल्या हॉटेलात निवांत बसू देतील याची खात्री नसते, त्यांच्यासाठी एक अख्खी रात्र आणि एक अख्खा डोंगर राखलेला आहे. निव्वळ मोकळेपणाच्या कसोटीवर पाहिले तर पुष्कळ नामांकित शहरांच्या रात्रींनी या रात्रीपुढे मान खाली घालावी.

हे चित्र मी फार गोड रंगवतो आहे, हा आक्षेप इथे येणार, आणि तो बिनतोड आहे. कानबाई भाऊबंदकीची असते, डोंगऱ्यादेवाच्या कड्यात नवस बोललेला पुरुषच शिरतो, गडावर जायला निदान श्रद्धेचे निमित्त लागते. वर्षातल्या अशा रात्री कितीही ताणून मोजल्या तरी थोड्याच भरतात. उरलेल्या रात्रींचे काय? परगावाहून बदली होऊन आलेल्या शिक्षकाची इथे भाऊबंदकी नसते. उपजिल्हा रुग्णालयातली पाळी संपवून निघालेल्या परिचारिकेचा काही नवस नसतो. स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेल्या पाड्यावरच्या मुलीला अभ्यास संपल्यावर तासभर माणसांत बसावेसे वाटते. या लोकांना परंपरेने रात्र दिलेली नाही. परंपरेची रात्र उदार असते, पण ती आपल्या माणसांशी. परक्याला ती प्रेक्षक म्हणून सामावून घेते, बसायला पाट देत नाही.

डच कॅफेचे महत्त्व मला इथे जाणवते, आणि ते बिअरमध्ये नाही. त्या देशातले जुने कॅफे ब्राऊन कॅफे म्हणून ओळखले जातात. लाकडी सामान, वर्षानुवर्षांच्या धुराने तपकिरी पडलेल्या भिंती. २००८ पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, रंग तेवढा उरला. पुष्कळ ठिकाणी एक मोठे वाचनाचे टेबल असते, त्यावर वर्तमानपत्रे पडलेली असतात. तिथे दिवसा कॉफी आणि संध्याकाळी बिअर मिळते, आणि एकच पेला पुढ्यात ठेवून तास-दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. २०१४ पासून अठरा वर्षांखालच्यांना तिथे दारू विकता येत नाही, पण म्हणून घरच्यांबरोबर आलेल्या मुलाला दार बंद होत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली लिहिलेल्या पुस्तकात अशा ठिकाणांना तिसरी जागा म्हटले: घर ही पहिली, काम ही दुसरी, आणि जिथे कोणाचा पाहुणा किंवा नोकर न होता बसता येते ती तिसरी. डेव्हेंटरच्या चौकात रात्री जी वर्दळ असते तिचे मूळ या हक्कात आहे. बाई एकटी आली, म्हातारा एकटा आला, परदेशी विद्यार्थी आला, तरी प्रत्येकाला एका पेल्याच्या मोलात खुर्ची मिळते.

आता आपल्याकडची परमिट रूम त्याच कसोटीवर घासून पाहा. ही खोली तालुक्यागणिक जवळजवळ सारखीच असते. काळ्या काचेचे किंवा पडद्याचे दार, आत मंद निळा-लाल उजेड, भिंतीवर मोठ्या आवाजातला टीव्ही, टेबलावर शेंगदाणे आणि चिरलेल्या काकडीची बशी. रस्त्यावरून आतला दिसू नये आणि आतल्याला रस्ता दिसू नये अशीच सारी मांडणी. बाहेरच्या पाटीवर फॅमिली रूम स्वतंत्र असे लिहिलेले असते, म्हणजे मुख्य खोली कुटुंबासाठी नाही हे मालकच सांगून टाकतो. गिऱ्हाईक क्वार्टर मागवते, भरभर संपवते आणि तोंडात बडीशेप टाकून निघते. यात माणसाचा दोष मी फारसा मानत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीतच महाराष्ट्रात आजही दारूविक्री चालते. पिणाऱ्याकडे परवाना असावा असे हा कायदा म्हणतो. बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे. बंदीच्या कायद्यातून सवलत म्हणून जन्मलेली जागा चोरट्यासारखी वागणारच. तिथे पिता येते, बसता येत नाही. आणि निम्म्या गावाला, म्हणजे बायकांना, ती मुळातच बंद आहे.

मग परमिट रूमच सुधारा, उजेडात आणा, पडदा काढा, असा सल्ला शहरी मित्र देतात. नाशिककडे बोट दाखवतात. १९९० च्या दशकाअखेर तिथे सुला वाइन्सची सुरुवात झाली, पुढे बागेतच चव घेण्याचे दालन उघडले आणि आज मुंबईची कुटुंबे द्राक्षवेलींकडे पाहत उजळ माथ्याने वाइन घेतात. कळवणला हे का नको? माझे उत्तर इतिहासात आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातली दारू सरकारच्या आणि मक्तेदारांच्या हाती गेली. मोहाची घरगुती दारू गुन्हा ठरली आणि गुत्ता आदिवासींच्या कर्जाचे आणि गमावलेल्या जमिनीचे दार झाला. म्हणूनच १९२२-२३ साली देवीची चळवळ उठली, तेव्हा सह्याद्रीच्या या टोकापासून दक्षिण गुजरातपर्यंत हजारो आदिवासींनी देवीच्या आज्ञेने दारू-ताडी सोडली आणि कलालांच्या गुत्त्यांवर बहिष्कार घातला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. त्यांच्या मांडणीत ही निव्वळ सोवळेपणाची लाट नव्हती. गुत्त्याच्या मालकाशी असलेले गुलामीचे नाते तोडण्याचा तो सामुदायिक निश्चय होता.

ही स्मृती कायद्यातही उतरली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचे वा नियमात ठेवण्याचे अधिकार दिले, आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. राज्यभर लागू असलेली आडव्या बाटलीची तरतूद वेगळीच: पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. या मोहिमांकडे शहरी माणूस संस्कृतिरक्षणाचा हट्ट म्हणून पाहतो. मला ते पटत नाही. ज्या घरात कांद्याची पट्टी मिळाल्याच्या दिवशीच अर्धे पैसे खोलीच्या पडद्याआड जातात, त्या घरातल्या बाईचे मत हे हिशेबाचे मत आहे. डच शहरात बार हा शेजाराचा भाग आहे, कारण तिथे शेजारीण त्यात बसते. इथे शेजारीण त्याविरुद्ध मतदान करते. दोन्ही ठिकाणी दारू तीच असली तरी समाजातली तिची जागा एक नाही, आणि खुर्च्या-दिवे बदलून ती एक होणार नाही. पिणाऱ्याने पिऊ नये असे मी म्हणत नाही. गावाच्या रात्रीची सुधारणा बारपासून सुरू करता येणार नाही, इतकेच म्हणतो.

मग ती कुठून सुरू करायची? सध्याची धोरणे पाहिली तर रात्रीबद्दल सरकारच्या डोक्यात दोनच विचार दिसतात. एक गप्प बसवण्याचा: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर भोंगा बंद, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. नियमाचा हेतू चांगला आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोरांना त्याने झोप दिली. पण रात्रभर चालणारा तमाशाचा फड आणि भोवाड्याची सोंगे यांचा गळा त्याने आवळला, आणि त्याबदली गावाला काही मिळाले नाही. दुसरा विचार विकण्याचा: २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने चोवीस तास व्यवसायाची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर मॉल आणि उपाहारगृहे उघडी ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. तालुक्याच्या गावासाठी यात काहीच नाही. इथे मॉल नाही, आणि जत्रेचा आवाज दहाला मिटलेला. दोन्ही धोरणांत एक गोष्ट राहून गेली: पैसे न उधळता, आरडाओरडा न करता, रात्री नुसते बसायचे असेल तर माणसाने कुठे जावे?

कळवणसारख्या गावात याचे उत्तर महाग नाही. बसस्थानक हे तालुक्यातले एकमेव ठिकाण, जिथे कोणी कोणाला इथे का बसलास असे विचारत नाही. तिथे लख्ख उजेड, बायकांसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि मुक्कामी गाडी सुटेपर्यंत उघडी चहाची टपरी असली, तर निम्मे काम झाले. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवून तिच्या ओट्यावर वर्तमानपत्रांचे टेबल मांडले तर डच कॅफेतली सगळ्यात चांगली वस्तू दारूविना हाती येते. बाजार समितीच्या आवारात रांगेतल्या शेतकऱ्यासाठी शेड आणि गरम जेवण असेल तर त्याचे जागणे थोडे कमी जाचक होईल. खर्चाचा आक्षेप कोणी घेईल. पण दारूवरच्या करातून राज्याच्या तिजोरीत मोठी रक्कम पडते. त्यातला एखादा वाटा न पिणाऱ्यांच्या रात्रीवर खर्च करणे अन्यायाचे नाही. सुरक्षिततेचा आक्षेप त्याहून गंभीर आहे: रात्री जागा उघडी ठेवली की टवाळखोर जमतात. जमतात ते अंधारात आणि रिकाम्या जागेत. जिथे परिचारिका, विद्यार्थिनी, चालक आणि म्हातारे एकत्र बसलेले असतात, तिथे टवाळाला स्वतःच संकोच होतो. कानबाईच्या रात्री गल्ली सुरक्षित असते, कारण बायकांनी ती भरून टाकलेली असते. हे या गावाला शिकवायला कोणा परदेशी तज्ज्ञाची गरज नाही.

म्हणून कळवणला येणाऱ्या प्रवाशाने इथे बार किती, असे विचारू नये. रात्री साडेनऊला एकट्या बाईला कुठे चहा मिळेल, हे विचारावे. आज या प्रश्नाचे उत्तर देताना गावकरी घुटमळतील, आणि गावाची खरी उणीव तिथेच सापडेल. देवीच्या, देवाच्या आणि कांद्याच्या नावाने जागायला हे गाव केव्हाच शिकले आहे. विनाकारण जागणाऱ्यालाही एक खुर्ची द्यायची, एवढाच धडा त्याने डेव्हेंटरकडून घ्यावा. परवान्यांचा वाद त्यानंतर घातला तरी चालेल.